नाकूमामांचा शब्द

खड्ड्यावरचं लोखंडी झाकण बाजूला सारलं की नाकूमामा पुढे होत. काठापासून दोन पावलं अलीकडे थांबत, गुडघ्यांवर हात टेकून वाकत आणि नाकाने एक लांब श्वास घेत. छातीला दोर बांधून मागे उभा असलेला माणूस त्यांच्या पाठीकडे बघत राही. मामा सरळ होऊन "चला" म्हणाले की तो शिडीवर पाय ठेवी. "थांबा" म्हणाले की सगळे सावलीत जाऊन चहा पीत. एकवीस वर्षं त्या वराहपालन केंद्रात हाच नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल. मी त्यांना ओळखायला लागलो तो त्यांची मुलगी चिमी माझ्या वर्गात आली तेव्हापासून. पालकसभेला ते दाराशीच उभे राहत. "आत या ना," म्हटलं तर म्हणत, "नको सर, मी दोनदा साबण लावून आलोय, पण साबणावर माझा भरवसा नाही." माणूस अंगाने किरकोळ, आवाज मऊ, आणि नाक मात्र लांब, टोकाशी जरा खाली वळलेलं. त्या नाकाची कीर्ती ऐकून होतो. कुठल्या शेडमधलं डुक्कर आजारी आहे ते त्यांना दारातून कळे, खाद्याच्या गोणीत खालून बुरशी धरली असेल तर गोणी न उघडता कळे. केंद्राचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, पाहुण्यांना केंद्र दाखवताना शेवटी मामांना दाखवत.

डुकरांबद्दल कुणी नाक मुरडलेलं मामांना खपत नसे. "डुक्कर झोपायची जागा कधी घाण करत नाही," ते म्हणत. "जागा दिली तर कोपऱ्यात जाऊन उरकून येतं. आपल्या वसाहतीत असे किती जण आहेत, सांगा बरं."

केंद्रात सहा शेड होती. प्रत्येकात तीनशेच्या वर डुकरं. शेडची फरशी फटींची. जे पडेल ते फटींतून खाली जाई आणि उतरत्या नाल्यांतून शेवटी त्या एका खड्ड्यात जमा होई. खड्डा दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढा खोल, चारी बाजूंनी सिमेंटचा. तिथून पंपाने ती पातळ घाण मागच्या तळ्यात जाई, तळ्यात मुरे, आणि मग शेतांना खत म्हणून दिली जाई. सांगायला हे सोपं आहे. पण घाण एका जागी राहिली की तिचा जाड भाग तळाशी बसतो आणि वर पाणी राहतं. म्हणून दर बुधवारी खड्ड्यात एक मोठी पाती फिरवून सगळं ढवळावं लागे. तिला तिथे सगळे 'रवी' म्हणत. ढवळून, उपसून झालं की तळाशी पंपाच्या तोंडावरची जाळी उघडी पडे. तिच्यात केस, फाटके हातमोजे, डुकरांच्या कानांतून पडलेले प्लास्टिकचे बिल्ले अडकलेले असत. ते काढायला माणसाला खाली उतरावं लागे, आणि ते होईपर्यंत शेडकडून येणाऱ्या नाल्यांची तोंडं फळ्या लावून बंद ठेवत.

अन् खाली उतरणं हीच त्या केंद्रातली एक गोष्ट होती जिच्याबद्दल कुणी विनोद करत नसे. ढवळताना घाणीतून जो वायू सुटतो तो हवेपेक्षा जड. तो खड्ड्यातून वर येत नाही, तळाशी पाण्यासारखा साचून राहतो. थोडा असला तर कुजलेल्या अंड्यांचा वास येतो. जास्त असला तर तो वास डोकं उठवतो. आणि फारच जास्त झाला तर वास अजिबात येत नाही, कारण तो आधी नाक मारतो आणि मग माणूस. मामांच्या आधी जे हे काम करत ते त्याच खड्ड्यात गेले होते, आणि त्यांना काढायला उतरलेला त्यांचा भाऊही. मामांनी त्या दिवशी दोर ओढला होता. म्हणून नव्या माणसाला ते दोन गोष्टी घोकायला लावत. एक, वास येता येता अचानक थांबला तर मागे न बघता वर यायचं. दुसरी, खाली कुणी पडलं तर वरच्याने खाली उतरायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

मामांचं नाक पाच वर्षांपूर्वी गेलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी मला नंतर जे सांगितलं त्यावरून लिहितो. एका सकाळी अंघोळ करताना साबणाचा वास आला नाही. सर्दी असेल म्हणून सोडून दिलं. आठवड्याने चुलीवरचं दूध करपून भांडं काळं झालं तरी ते शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. मामी जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. तिची शाल त्यांनी पेटीत जपून ठेवली होती आणि कधीमधी ती पेटी उघडत. त्या दिवशी शाल नाकाशी धरली. "नुसती लोकर होती, सर," ते म्हणाले.

सांगितलं का नाही, असं मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. ज्या माणसाला सगळे नाकूमामा म्हणतात त्याने नाक गेलं म्हणून सांगायचं, म्हणजे मग उरायचं काय? दोन खोल्यांचं घर केंद्राचं होतं, ही गोष्ट वेगळी. पण मला वाटतं, घर गेलं असतं तर त्यांनी सोसलं असतं. बुधवारी सकाळी दहाबारा माणसं आपल्या पाठीकडे बघत उभी आहेत, ते त्यांना सोडवेना.

तेव्हापासून ते डोळ्यांनी वास घ्यायला लागले. झाकण काढल्यावर काठावर माश्या घोंघावतात की नाही ते बघत. वारा कुठून आहे, शेडमधली डुकरं गप्प आहेत की धुसफुसताहेत, ते ऐकत. जरा शंका आली की "थांबा" म्हणत आणि अर्धा दिवस झाकण उघडं ठेवत. ट्रॅक्टरवाला ड्रायव्हर एकदा म्हणालाही, "मामा, हल्ली तुमचं नाक फार लाडावलंय. आधी पंधरा मिनिटांत हो म्हणायचं." मामा हसले. वाकण्याची, श्वास घेण्याची, सरळ होण्याची पद्धत मात्र त्यांनी तसूभरही बदलली नाही.

मग जावई आला.

चिमीचं लग्न शीतगृहात काम करणाऱ्या एका मुलाशी झालं होतं. तिशीतला, धिप्पाड, लाजाळू. लग्नानंतर तीन वर्षांनी ते शीतगृह बंद पडलं आणि दोघं मामांकडे राहायला आली. मामांनी साहेबांना सांगून त्याला खड्ड्याच्या कामावर घेतलं. तो सासऱ्यांना मामाच म्हणे, आणि मामा त्याला सगळ्यांदेखत "जावईबापू" म्हणत, त्यामुळे बिचारा आणखीच लाल होई. ड्रायव्हर सोडतो थोडाच? "जावईबापू, पाट मांडू का? की उभ्यानेच घाण उपसणार?"

शीतगृहात बर्फाखेरीज कशाचा वास नसतो. पहिल्या बुधवारी झाकण निघालं आणि जावयाचा चेहरा कागदासारखा चुरगळला. भुवया वर, नाकपुड्या मिटलेल्या, मान थेट पाठीमागे. सगळे पोट धरून हसले. मामा हसले नाहीत. ते त्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. चार वर्षांनी पहिल्यांदा त्यांना खड्ड्याचा वास कळला होता.

त्या दिवसापासून जावयाची जागा त्यांच्या उजव्या हाताला ठरली. मामा वाकत, श्वास घेत, आणि सरळ होता होता डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्या तोंडाकडे बघत. नुसत्या भुवया हलल्या तर चला. नाकपुड्या मिटल्या तर थांबा. मानच फिरली तर झाकण परत लावा. हे गणित कधी चुकलं नाही. वर्षभर मामा पूर्वीसारखे पंधरा मिनिटांत हो म्हणायला लागले. ड्रायव्हर म्हणाला, "जावई घरात आला आणि नाकाला धार आली." मामांना तेव्हा वाटलं, देवाने एक घेतलं आणि दुसरं दिलं.

इकडे घरी काय चाललं होतं, ते मला चिमीने सांगितलं.

एका संध्याकाळी मामा कामावरून आले आणि दारात बूट काढायला बसले. जावई जेवायला बसला होता. बुटांचा वास आला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. मामांनी मान वर केली आणि त्याच्याकडे बघतच राहिले. ते का बघताहेत ते चिमीला कुठून कळणार? तिला वाटलं, बाबांच्या जिव्हारी लागलं. रात्रीची भांडी घासताना तिने नवऱ्याला धरलं.

"बाबांसमोर नाक मुरडत जाऊ नका."

"मी कुठे मुरडतो? ते आपोआप होतं गं."

"आपोआप व्हायला ते काय शिंक आहे? त्यांनी याच वासात मला वाढवलंय. शाळेत पोरी माझ्याशेजारी बसायच्या नाहीत, पण बाबांना मी ते कधी कळू दिलं नाही. आणि तुम्ही त्यांच्याच घरात जेवताना तोंड वाकडं करता!"

"बरं बाई, चुकलं."

"नुसतं चुकलं नको. सवय करा."

आणि तिने त्याची सवय करून घेतली. आरशासमोर उभं करायची, मागून हळूच बाबांचे बूट आणून नाकाखाली धरायची, आणि भुवई हलली की पाठीत चापट. दोघं हसून हसून बेजार व्हायची. वर्गात चिमी अशीच होती. एखादीला पाढे येत नसले की मधल्या सुट्टीत तिला भिंतीशी उभी करून पाठ करून घ्यायची, आणि त्या मुलीला ते जन्मभर येत. नवराही तसाच तयार झाला. आठ दिवसांत त्याचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा राहायला लागला. तिने त्याला शाबासकी दिली. घरात सासऱ्यासमोर आणि कामावर सासऱ्याशेजारी त्याने नाक मुरडायचं कायमचं सोडलं.

त्यानंतरचे दोन बुधवार वाऱ्याचे होते. निभावले.

तिसऱ्या आठवड्यात पंपाचा पट्टा तुटला आणि नवा यायला चार दिवस लागले. चार दिवस खड्डा भरत राहिला आणि तळाशी घट्ट होत गेला. बुधवारी सकाळपासून उकडत होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. रवी एरवी तासभर फिरे, त्या दिवशी दोन तास फिरवावी लागली. वर येणारे बुडबुडे फुटत नव्हते, साबणाच्या फेसासारखे एकमेकांना चिकटून राहत होते. शेडमधली डुकरं एका भिंतीला गोळा झाली होती. उपसा झाला, अन् जाळी अर्धी बाहेर दिसायला लागली, तेव्हा साहेब कार्यालयाच्या दारातून ओरडले, "मामा, आज उरकून टाका. शेडच्या नाल्यांत पाणी तुंबतंय."

मामा पुढे झाले. वाकले. श्वास घेतला.

काठावर एकही माशी नव्हती. ते त्यांनी पाहिलं. पण आदल्या दिवशीच शेडमध्ये माश्यांचं औषध फवारलं होतं, तेही त्यांना आठवलं. सरळ होता होता त्यांनी उजवीकडे बघितलं. जावयाचा चेहरा शांत होता. भुवईसुद्धा जागची हलली नव्हती. इतका स्वच्छ चेहरा त्यांनी या काठावर कधीच पाहिला नव्हता.

"चला," मामा म्हणाले.

जावयाच्या डोळ्यांत त्या वासाने पाणी आलं होतं. पुढे दवाखान्यात तो मला म्हणाला, "सर, इतका वास मी आयुष्यात घेतला नव्हता. पण मामा चला म्हणाले. त्यांना माझ्यापेक्षा जास्त येत असणार ना?" त्याने दोराची गाठ तपासली, घामाचं निमित्त करून डोळे पुसले आणि शिडीवर पाय ठेवला.

एक पायरी, दोन, तीन. बाकीचे तुंबलेल्या नाल्यांकडे गेले होते, ड्रायव्हर पलीकडे ट्रॅक्टर पुसत होता. पाचव्या पायरीवर जावई थांबला आणि त्याने मान वर केली. चेहऱ्यावर हसू होतं, सुटल्यासारखं, घोकलेलं सगळं विसरल्यासारखं.

"मामा, आता बरं वाटतंय," तो म्हणाला. "वास गेला एकदम."

मामांना एका क्षणात सगळं समजलं. वास गेला, म्हणजे आतापर्यंत होता. होता, तर हा चेहरा कोरा का होता, हे विचारायला वेळ नव्हता. "वर या!" ते ओरडले. "वर या, वर या, वर या!" इतक्या मोठ्याने की शेडमधली डुकरं किंचाळायला लागली. जावयाने त्यांच्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्याचे हात शिडीवरून सुटले. आवाज फार झाला नाही. खाली गुडघाभर चिखल होता.

दोर मामांच्या हातात होता. त्यांनी पाय काठाला रोवले आणि ओढला. जावई दीडशे किलोचा नसेल, पण साठी उलटलेल्या माणसाला तो तसाच वाटला. दोर हातभर वर आला आणि थांबला. मामांनी खाली बघितलं. जावयाचं तोंड चिखलाच्या वर होतं, जेमतेम. मामांचा उजवा पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर गेला. तो पाय तिथे किती वेळ होता ते त्यांना सांगता येत नाही. मग त्यांनी तो मागे घेतला. "त्या पायाची मला अजून लाज वाटते," ते म्हणाले. गेला त्याची की मागे घेतला त्याची, हे मी विचारलं नाही.

तोवर ड्रायव्हर धावत आला होता. त्याने दोराचं टोक हिसकावून ट्रॅक्टरच्या मागच्या आकड्याला अडकवलं आणि ट्रॅक्टर पुढे घेतला. जावई काठावरून फरफटत वर आला. मामांनी त्याला कुशीवर केलं, तोंडातली घाण बोटांनी काढली, पाठीवर थापट्या मारत राहिले. बऱ्याच वेळाने तो खोकला.

दवाखान्यात नेईपर्यंत गोष्ट गावभर झाली होती, आणि ती अशी झाली होती: मामांच्या नाकाला ऐन वेळी कळलं म्हणून जावई वाचला. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. ड्रायव्हर म्हणाला, "माझ्या नाकासमोर घडलं, मला पत्ता नाही. मामा मात्र ओरडले!" मामांनी हात सोडवून घेतले आणि ते भिंतीशी जाऊन बसले. लोकांनी म्हटलं, धक्का बसलाय.

शुक्रवारी मी दवाखान्यात गेलो. जावई उशीला टेकून बसला होता. हात थरथरत होते, शब्द मध्येच अडकत होते, पण डॉक्टर म्हणत होत्या की सुधारेल. मामा खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर होते. चिमी संत्रं सोलत होती. तेवढ्यात नाक-कान-घशाच्या तरुण डॉक्टर एक छोटी पेटी घेऊन आल्या. पेटीत ओळीने बाटल्या.

"डोळे मिटा आणि वास सांगा," त्या जावयाला म्हणाल्या. पहिली बाटली कॉफीची होती, ती मलाही कळली. जावयाने नाही म्हणून मान हलवली. दुसरी गुलाबाची. काही नाही. "घाबरू नका, बहुतेक वेळा परत येतो," असं म्हणून त्या मामांकडे वळल्या. "तुम्हीही काठावर होतात ना? तुमचंही बघू या."

त्यांनी तिसरी बाटली उघडली. नासलेल्या माशाचा वास होता. पलीकडच्या खाटेपाशी बसलेल्या बाई "ईऽ!" म्हणून भिंतीकडे वळल्या. चिमीने संत्र्याचे हात तसेच नाकावर दाबले. मी एक पाऊल मागे सरलो. डॉक्टरांनी बाटली मामांच्या नाकाखाली धरली.

मामांनी बाटलीकडे बघितलं नाही. चिमीकडे नाही, माझ्याकडेही नाही. सवयीने त्यांची नजर डोळ्यांच्या कोपऱ्यातून जावयाच्या तोंडाकडे गेली. तो उशीला टेकून शांत बसला होता.

"काही नाही," मामा ठामपणे म्हणाले. "स्वच्छ आहे."

डॉक्टरांनी बाटलीचं बूच लावलं. चिमी हात खाली घेऊन वडिलांकडे बघत होती.

"बाबा, तुम्ही यांच्या तोंडाकडे का बघितलंत?"

मामा स्टूल मागे सरकवायला लागले.

"बाबा, मी काय विचारतेय? वास तुम्हाला घ्यायचा होता. यांच्या तोंडाकडे का बघितलंत?"

"सवय," मामा म्हणाले. मग हळूच, "पाच वर्षं झाली, बाळ. मला कशाचाच वास येत नाही. वर्षभर मी यांच्याच तोंडावर चालवत होतो. त्या दिवशी यांचं तोंड साफ होतं गं. इतकं साफ."

चिमीच्या मांडीवरून संत्र्याच्या फोडी खाली पडल्या. ती उचलायला वाकली आणि तशीच वाकून राहिली. "मी शिकवलं ते," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "मीच शिकवलं त्यांना. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." जावयाने थरथरता हात तिच्या पाठीवर ठेवायचा प्रयत्न केला, पहिल्यांदा तो नुसता हवेतच राहिला.

त्याच वेळी मामांच्या खिशातला फोन वाजला. साहेब होते. फोनचा आवाज मोठा होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"मामा, जावईबापू कसे आहेत? बरं, ऐका. जाळी तशीच आहे. नाले उलटे भरताहेत, दोन शेडमध्ये घाण फटींतून वर यायला लागलीय. ड्रायव्हर उतरायला तयार आहे. म्हणतो, मामा हो म्हणाले तरच. झाकण सकाळपासून उघडं आहे, वास फारसा नाही. तुम्ही फक्त हो म्हणा."

"साहेब," मामा म्हणाले, "माझं नाक गेलंय. पाच वर्षं झाली."

पलीकडून हसण्याचा आवाज आला, मायेचा. "मामा, तुम्ही घाबरलात. साहजिक आहे. विश्रांती घ्या, पण आधी हो तेवढं म्हणा. तुमच्याशिवाय ही माणसं हलत नाहीत."

मामांनी फोन बंद केला आणि उठले. मी त्यांच्याबरोबर निघालो. रिक्षात ते एकदाच बोलले: "वास फारसा नाही म्हणाले. ऐकलंत ना, सर?"

आम्ही पोचलो तेव्हा ड्रायव्हर दोर बांधून काठाशी उभा होता. मामांना बघून त्याचा चेहरा उजळला. "आलात! आता सांगा. हो म्हणालात तर उतरतो, नाही म्हणालात तर जेवायला जातो."

मामा वाकले नाहीत, श्वासही घेतला नाही. ते सरळ झाकणापाशी गेले आणि ते ओढायला लागले. एरवी दोघं लागत. लोखंड सिमेंटवर करकरत सरकलं, मी एक बाजू धरली, आणि खड्डा बंद झाला. मग मामा झाकणावर मांडी घालून बसले.

"मामा, हे काय?" साहेब धावत आले. "उठा."

मामांनी जमलेल्या सगळ्यांना मघाची गोष्ट सांगितली. माशी, जावयाचं तोंड, पाच वर्षं, सगळं. सांगताना आवाज चढवला नाही. पाच वर्षांत त्यांच्या शब्दावर जे जे खाली उतरले होते ते सगळे तिथे उभे होते. एकेकाच्या चेहऱ्यावर ते पोचत गेलेलं मला दिसत होतं, वर्गात अवघड गणित उलगडतं तसं. कुणी रागाने बोललं असतं तर बरं झालं असतं. ड्रायव्हरने छातीचा दोर सोडला आणि तो बराच वेळ हातात धरून राहिला.

"मी शंभरेक वेळा उतरलो असेन," तो शेवटी म्हणाला.

साहेबांना मी विचारलं, हा वायू मोजायचं यंत्र मिळतं, ते इथे का नाही? ते म्हणाले, "मागवायचं होतं, सर. पण मामा होते ना." आणि मग मामांना म्हणाले, "अहो, वर डुकरं घोट्यापर्यंत घाणीत उभी आहेत!"

"उभी आहेत ना?" मामा म्हणाले. "मग ठीक आहे."

शहरातून यंत्र घेऊन माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. तोवर मामा तिथून हलायला तयार नव्हते. कुणी उठवायला गेलंही नाही. चिमीने डबा पाठवला, तो त्यांनी तिथेच खाल्ला. मधूनमधून झाकणाखाली काहीतरी फुगून फुटल्यासारखा आवाज होई, आणि मामा लोखंडावर तळहात ठेवून बघत.

सकाळी तो माणूस आला. मामांना जरा सरकायला सांगून त्याने झाकणाच्या फटीतून एक बारीक नळी आत सोडली आणि हातातल्या यंत्राचा आकडा बघितला. पुन्हा एकदा बघितला. साहेबांनी विचारलं, "किती आहे?" त्याने हात वर करून सगळ्यांना मागे जायची खूण केली, आणखी मागे, शेडच्या भिंतीपर्यंत. आम्ही सगळे मागे सरलो. मामांना मात्र उठता येईना, पाय आखडले होते. ड्रायव्हर श्वास रोखून पळत पुढे गेला आणि त्यांना दोन्ही काखांत धरून ओढत घेऊन आला.